‘महागडं खेळणं’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या छोट्या झूम कॅमेऱ्याबद्दल तुमच्या रिव्ह्यूत चार तक्रारी आहेत. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत अंधार पडल्यावर काढलेले फोटो दाणेदार आणि हललेले आले, मित्राच्या फोनचे त्याहून बरे होते. बॅटरी दुपारीच संपली. आठवड्याभरात आकाशाच्या फोटोत करडा डाग दिसू लागला. आणि आम्ही कॅमेरा परत घेतला नाही. शेवटी ‘मनापासून फोटोग्राफी करणाऱ्याला महागडं खेळणं गळ्यात मारलं’ असंही लिहिलंय.

पहिल्या तक्रारीत चूक आमची आहे, म्हणून आधी तीच. ‘ढोलपथकांचे क्लोजअप हवेत’ असं तुम्ही काउंटरवर सांगितलंत आणि आमच्याकडून उत्तर गेलं, ‘२४ ते २०० झूम आहे, सगळं येईल.’ (हे आकडे मिलिमीटरमधले: २४ म्हणजे रुंद दृश्य, २०० म्हणजे लांबचं जवळ.) लांबचं जवळ येतं हे खरं, पण त्यासोबत उजेड येत नाही. खोक्यावर एफ २.८–४.५ असं छापलेलं असतं. एफ म्हणजे भिंग किती उघडतं त्याचा आकडा, तो मोठा झाला की प्रकाश कमी. पहिला आकडा २४ वरचा, दुसरा २०० वरचा. त्यातला दुसरा आकडा तुम्हाला समजावून सांगायला हवा होता, तो कुणी सांगितला नाही.

हिशेब असा आहे. एफ २.८ वरून ४.५ वर गेलं की भिंगातून येणारा प्रकाश साधारण २.६ पटींनी कमी होतो. शिवाय २०० वर हाताची बारीक थरथरही मोठी दिसते, म्हणून शटर निदान दुप्पट वेगाचं लागतं. समजा बेलबाग चौकात २४ वर, १/१२५ सेकंद शटरला आयएसओ (कॅमेरा प्रकाश किती वाढवून दाखवतो तो आकडा) १६०० मध्ये फोटो नीट येत होता. त्याच जागी, त्याच उजेडात २०० वर १/२५० ठेवायचं तर कॅमेऱ्याला आयएसओ ८००० च्या पुढे जावं लागतं. तुमच्या कॅमेऱ्यातला एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) ३२०० पर्यंत बरी साथ देतो. ६४०० च्या पुढे सावल्यांत दाणे येतात आणि गुलाल कुठे संपला, फेटा कुठे सुरू झाला, ते कळेनासं होतं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन इथे अर्धंच काम करतं. ते तुमचा हात सावरतं, समोरच्याचं टिपरू नाही. टिपरू हवेत गोठवायचं तर १/५०० च्या आसपास शटर हवं. (१/१२५ ला चेहरा स्थिर आणि टिपरू पुसट येतं. आमच्या मते ढोलाचा फोटो तसाच जास्त बोलका दिसतो, पण ही आवड झाली.)

‘एक इंच’ या नावाचाही थोडा घोळ आहे. ते जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलेलं नाव आहे. पट्टी लावली तर सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो, कर्णसुद्धा १६ च्या आत. त्याहून मोठा, एपीएस-सी नावाचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळाने तिपटीहून थोडा जास्त. संध्याकाळनंतर फरक पडतो तो इथे. मेगापिक्सेलचे आकडे त्या वेळी फारसे कामाला येत नाहीत.

फोनचं म्हणाल तर तो एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन एकमेकांवर बसवतो आणि दाणे पुसतो. मुख्य भिंगही बहुतेक एफ १.८ च्या आसपासचं असतं. तुमच्या मित्राचे फोटो त्या वाइड भिंगाचे, तुमचे २०० वरचे. दोन्ही २४ वर काढा, कॅमेऱ्यात रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा आणि फोनच्या स्क्रीनऐवजी कॉम्प्युटरवर शंभर टक्क्यांवर पाहा, मग तुलना करू.

मिरवणूक हेच मुख्य काम असेल तर आज आम्ही तुमच्यासमोर हे ठेवलं असतं. झूम हवाच असेल तर कॅनन जी७एक्स मार्क ३. सेन्सर तेवढाच, पण भिंग २४–१००, एफ १.८–२.८. म्हणजे १०० वरसुद्धा एफ २.८ मिळतं. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) मात्र नाही, भर उन्हात स्क्रीनवर अंदाजानेच काम करावं लागतं. झूम सोडायची तयारी असेल तर रिको जीआर ३ (२८, एफ २.८) किंवा जीआर ३एक्स (४०, एफ २.८), दोन्ही एपीएस-सी आणि शर्टाच्या खिशात जाणारे. फुजीफिल्म एक्स१००-६ (३५, एफ २) व्ह्यूफाइंडरसह येतो, पण वजन ५२१ ग्रॅम आहे, खिसा विसरा.

‘झूम नाही म्हणजे दोरीबाहेरून काय मिळणार?’ हा प्रश्न बरेच जण विचारतात. पथकाच्या दोरीला लागून उभे असाल आणि पहिली रांग दोन मीटरवर असेल, तर २८ च्या चौकटीत आडवे अडीच मीटर मावतात, ४० मध्ये १.८ मीटर. २०० घेऊन दहा मीटर मागे गेलात तरी तेवढेच १.८ मीटर मिळतात, वर मधल्या माणसांची डोकी आणि वर केलेले मोबाइल. लक्ष्मी रस्त्यावर दहा मीटर मोकळी जागा त्या दिवशी कुणाला मिळते? रिकोत स्नॅप फोकस नावाची सोय आहे. अंतर २ मीटरवर बांधून ठेवायचं आणि बटण एका दमात पूर्ण दाबायचं. ऑटोफोकस शोधत बसत नाही, ताशाच्या काड्यांच्या वेगाला हे बरं पडतं.

उलट भिगवणचे फ्लेमिंगो हे काम असेल तर यातला एकही घेऊ नका, तुमचा २०० वालाही तोकडा पडतो. तिथे सोनी आरएक्स१० मार्क ४ सारखा २४–६०० चा लागतो, तो किलोहून जड आहे आणि कॉम्पॅक्ट म्हणवत नाही.

तुमच्याकडचा कॅमेरा टाकाऊ नाही. सिंहगडावर सकाळी, विश्रामबागवाड्याच्या लाकडी कोरीवकामासाठी किंवा प्रवासात त्याच्याइतकी सोय मिरवणुकीसाठी सुचवलेल्या वरच्या चौघांत नाही. अंधारासाठी त्यात एवढं करा: ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२००, त्याच मेनूत किमान शटर १/२५०, फाइल रॉ, एक्सपोजर उणे ०.७ (फोटो जरा गडद), कारण रथाच्या दिव्यांनी चेहरे पांढरे पडतात. दिवेलागणीनंतर झूम २४ ते ३५ मध्येच ठेवा आणि झूम फिरवताना स्क्रीनवरचा एफचा आकडा कसा चढतो ते बघत जा. शटर टाइप मेकॅनिकल करा. इलेक्ट्रॉनिक शटरवर मंडळांच्या एलईडी भिंतींसमोर फोटोत आडवे पट्टे येतात. तुमच्या रिव्ह्यूसोबतच्या दुसऱ्या फोटोत ते दिसतायत, त्याचा दोष तुम्ही सेन्सरला दिलाय.

बॅटरीचं थोडक्यात. या वर्गात एका चार्जवर २०० ते २६० फोटो हा कंपन्यांचाच आकडा आहे, बॅटरीच तेवढी लहान असते. दोन जादा ओरिजिनल बॅटऱ्या ठेवा, वायफाय-ब्लूटूथ बंद करा, फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवणं बंद करा. चालता चालता पॉवर बँकेवरही चार्ज होतो.

डागाबद्दल मात्र नीट वाचा. आत-बाहेर होणाऱ्या भिंगाच्या नळीवर गुलाल बसतो आणि कॅमेरा बंद करताना भिंग तो आत ओढून घेतं. एखादा कण सेन्सरवर बसला की एफ ८ च्या पुढे आकाशात करडा ठिपका दिसतो, एफ २.८ ला दिसतही नाही. खात्री करायला २४ वर, एफ ११ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. ठिपका दर फोटोत त्याच जागी असेल तर कण सेन्सरवर आहे. ब्लोअरने नळीच्या फटीत हवा मारू नका, धूळ आणखी आत जाते. व्हॅक्युम क्लीनरने धूळ ओढायचे व्हिडिओही पाहून सोडून द्या. भिंग निघत नसल्यामुळे सेन्सर पुसायला कॅमेरा उघडावाच लागतो, ते काम सर्व्हिस सेंटरचं. धूळ आणि पाणी साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत. पुढच्या वेळी पारदर्शक पिशवी भिंगाभोवती रबराने बांधा आणि भिंग आत जाण्याआधी नळी कोरड्या, मऊ ब्रशने झाडा. एक्स१००-६ चं भिंग आत-बाहेर होत नाही, पण तोसुद्धा पुढून अॅडॉप्टर रिंग आणि ४९ मिलिमीटरचा फिल्टर लावल्याशिवाय धुळीपासून बंद होत नाही. त्या दोन गोष्टींचे पैसे वेगळे पडतात, हे आधीच सांगून ठेवतो.

परतीचं. सील उघडलेला कॅमेरा आम्ही परत घेत नाही, हे बिलावर छापलेलं आहे आणि ते बदलणार नाही. पण चुकीचा सल्ला आमच्या काउंटरवरून गेला, म्हणून बदली करून देऊ. कॅमेऱ्याची स्थिती तुमच्यासमोर तपासू, किंमत तुमच्यासमोर लिहू, डाग निघाला तर सर्व्हिसचा खर्च त्यातून वजा होईल. मिरवणुकीसाठी सुचवलेल्या चारपैकी जे स्टॉकमध्ये असतील ते संध्याकाळी सातनंतर दुकानाबाहेर रस्त्यावर, तुमच्याच मेमरी कार्डवर वापरून पाहा आणि मग ठरवा. विकतानाही हेच करायला हवं होतं. येताना बिल, खोकं, चार्जर आणा आणि मिरवणुकीचं कार्ड फॉरमॅट करू नका. त्या फाइल्समध्ये शटर, आयएसओ आणि झूम नोंदलेले असतात, त्यावरून किती फोटो खरोखर १०० च्या पुढे काढलेत ते समोरासमोर मोजता येईल.