पाळी ‘पाळण्या’मागे कोणतेही शास्त्र नाही

‘पाळी पाळण्यामागचे शास्त्र, आजच्या मुलींनी वाचावेच’ हा संदेश गेली काही वर्षे श्रावण लागला की फिरू लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि सासूबाईंनी तो माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. पाळीत शरीरातील विष बाहेर पडते, त्यामुळे लोणचे नासते व तुळस जळते. वेगळे बसल्याने बाईला विश्रांती मिळते. आणि सण जवळ आला असेल तर पाळी पुढे ढकलणारी गोळी घ्यावी, तिचा काही अपाय नसतो, असे त्यात म्हटले आहे.

विषाची कल्पना ऋषिमुनींची असल्याचे संदेश सांगतो. प्रत्यक्षात तिला विज्ञानाचा पोशाख चढवला तो व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ बेला शिक यांनी, 1920 मध्ये. पाळी चालू असलेल्या मोलकरणीने हाताळलेली फुले कोमेजली, एवढ्या निरीक्षणावरून त्यांनी ‘मेनोटॉक्सिन’ नावाचे विष कल्पिले, पण ते पुढे सिद्ध झाले नाही. पाळीत जाते ते रक्त, गर्भाशयाचे अस्तर आणि स्राव; शरीरातील नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे महिनाभर करतच असतात. लोणच्याचे म्हणाल तर फोडी नीट पुसल्या नाहीत, मीठ कमी पडले, तेल फोडींच्या वर आले नाही किंवा ओला चमचा बरणीत गेला की बुरशी धरते. गेल्या वर्षीची आमची बरणी मी पाळीच्या दुसऱ्या दिवशी भरली, तिला दादरा बांधला, आणि ते लोणचे सासूबाईंनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आवडीने खाल्ले.

विश्रांतीचा मुद्दा मी पूर्ण नाकारणार नाही. विहिरीचे पाणी, जाते आणि वीस माणसांचा स्वयंपाक यांतून ‘कावळा शिवला’ म्हणून चार दिवस सुटका व्हायची, असे सासूबाई सांगतात आणि ते खरे असणार. परंतु त्याच चार दिवसांत धान्य निवडण्याचे काम त्यांच्याकडेच असे आणि पाणी वरून ओतले जाई, हेही त्याच सांगतात. थकलेल्या बाईला बसू देण्यासाठी तिला अस्पर्श ठरवण्याची गरज नसते.

मला खरा संताप आला तो गोळीच्या सल्ल्याचा. ज्येष्ठा गौरींच्या वेळी अडचण नको म्हणून सासूबाईंनी दुकानातून चिठ्ठीशिवाय पाकीट आणून नातीच्या हातात ठेवले होते. त्यातील नॉरएथिस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक आहे. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सुमारे तीन दिवस आधीपासून ते साधारणतः दिवसातून तीन वेळा घ्यावे लागते आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. मळमळ आणि डोकेदुखी नेहमीची आहे. रक्ताच्या गुठळ्या झालेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या स्त्रीला ते द्यायचे नसते. हे पारखण्यासाठी डॉक्टर लागतो. पुरणाच्या नैवेद्यापायी निरोगी मुलीच्या शरीरात संप्रेरके घालण्याचा सल्ला ज्याने लिहिला, त्याला तिची काळजी आहे असे मी मानत नाही.

‘आजच्या पिढीला संस्कार नाहीत’ या शेवटच्या वाक्याला उत्तर देण्यात मी वेळ घालवणार नाही. सासूबाई माळकरी आहेत, म्हणून त्यांना मी त्यांच्याच परंपरेतील चोखामेळ्याच्या पत्नी सोयराबाई यांचा अभंग वाचून दाखवला. ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला। सोवळा तो झाला कवण धर्म॥’ असे ही वारकरी स्त्री चौदाव्या शतकात विचारते, आणि विटाळावाचून कोणताही देह निर्माण झालेला नाही, असेही पुढे सांगते. सासूबाईंनी तो अभंग दोनदा वाचायला लावला आणि म्हणाल्या, “आम्हाला हे कुणी वाचूच दिलं नाही गं.”

त्यांचे मत अजून बदललेले नाही. पाकीट मी दुकानात परत केले आहे, आणि गौरीपूजनाच्या दिवशी पाळी आली तरी मुलगी माझ्याबरोबर पोळ्या लाटेल, हे त्यांना सांगितले आहे.