कडकन आवाज आला म्हणजे नस मोकळी झाली?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला माझ्या चुलतभावाचा डावा पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणकतोय. सायटिका, म्हणजे कंबरेत नस दाबली जाऊन पायात उतरणारी कळ. घरच्या ग्रुपवर सध्या दुसरा विषय नाही. काकू फोनवर एवढंच म्हणतात, "पाय भलता दुखी राह्यना, माय." थोरल्यांचं मत पडलं की नाशिकला नेऊन ऑपरेशन उरकून टाका. काहींना गावातल्या हाडं बसवणाऱ्या बाबांवर भरवसा आहे. पोरं मात्र व्हिडिओ पाठवतात. त्यात एकजण रुग्णाची कंबर पिळतो, कडकन आवाज येतो आणि रुग्ण हसत उठतो. आता जवळच्याच एका मंगल कार्यालयात असं 'कायरो'चं, म्हणजे कायरोप्रॅक्टिक या हाताने मणक्यांना झटका देण्याच्या उपचाराचं, शिबिर भरणार आहे म्हणे. मग सगळे माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्या कॅनडात तर हे सरकारमान्य आहे ना? मग आपल्याकडं का नको?"

हो, मान्य आहे. मी राहते त्या ओंटॅरिओ प्रांतात कायरोप्रॅक्टरसाठी १९९१ चा स्वतंत्र कायदा आहे. पण त्याच वर्षी झालेला आरोग्य व्यवसायांचा कायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मणक्याच्या सांध्याला त्याच्या नेहमीच्या हालचालीपलीकडे झटका देणं हे त्या कायद्याने जोखमीचं काम ठरवलंय. परवाना असलेल्या ठरावीक व्यावसायिकांशिवाय ते कुणी करायचं नाही. शिवाय परवानाधारकांची यादी सगळ्यांना खुली असते. नाव टाकलं की तो माणूस नोंदणीकृत आहे का, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे कुणालाही घरबसल्या कळतं. 'सरकारमान्य' या शब्दामागे एवढं सगळं आहे. चोपड्याच्या शिबिरात यातलं काय असणार? भारतात कायरोप्रॅक्टरसाठी अशी वैधानिक परिषदच नाही. म्हणजे झटका परदेशातून आला, त्याची जबाबदारी तिकडेच राहिली.

आता झटक्याबद्दल. ही पद्धत सुरू केली डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थाने, १८९५ मध्ये, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. जन्माने तो ओंटॅरिओचाच. मणके जागचे हलल्याने बहुतेक सगळे आजार होतात, असं त्याचं म्हणणं होतं. ते काही टिकलं नाही, आणि इथले बरेच कायरोप्रॅक्टर आज स्वतःही तसं मानत नाहीत. सायटिकात बहुतेक वेळा कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी मागे फुगते किंवा फाटते आणि तिथून निघणारी नस दाबली जाते, चिडते. अशा नसा पुढे एकत्र येऊन सायटिक नस बनते, ती शरीरातली सगळ्यात जाड. कुल्ल्यातून मांडीच्या मागून ती खाली जाते, म्हणून बिघाड कंबरेत आणि कळ पायात. तो 'कड' आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना येतो. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही आणि गादी आत गेल्याचा तर नाहीच. बाबांच्या हातून आवाज आला काय आणि कायरोच्या हातून आला काय, त्याचा अर्थ तोच.

मग उपयोग काहीच नाही? तसंही नाही, आणि इथे मला ग्रुपवरच्या दोन्ही टोकांशी भांडायचंय. इटलीत २००६ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. गादी सरकून पायात कळा येणारे १०२ रुग्ण होते. काहींना खरे झटके दिले, काहींना नुसतं दिल्यासारखं केलं. पायाची कळ पूर्ण गेली असे लोक पहिल्या गटात ५५ टक्के निघाले, दुसऱ्यात २०. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९२ रुग्णांच्या अभ्यासात घरच्या व्यायामाला या उपचाराची जोड दिली, तर बारा आठवड्यांनी पायाचं दुखणं जास्त कमी झालेलं दिसलं. वर्षभराने मात्र दुखण्यातला तो फरक उरला नव्हता. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनात २०१६ पासून म्हटलंय की हाताने केलेले उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच द्या, एकटे नकोत. त्याच मार्गदर्शनात कंबरेचा पट्टा आणि वजन लावणं या दोन्ही गोष्टी देऊ नका असंही आहे. आपल्याकडे कंबर धरली की पहिल्या याच दोन गोष्टी होतात. माझ्या मते कायरो हा सायटिकावरचा मध्यम ताकदीचा पर्याय आहे. पायातलं बळ शाबूत असेल, तपासणी नीट झाली असेल आणि सोबत व्यायाम असेल, तर करून बघायला हरकत नाही.

माझा नवरा इथे गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. त्याला हाच त्रास झाला तेव्हा मी सोबत गेले होते. पहिल्या भेटीचा बराचसा वेळ झटक्याशिवायच गेला. त्याला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगून त्यावर दाब दिला. गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारून पाहिली. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलला आणि कळ कुठे सुरू होते ते लिहून घेतलं. लघवी अडते का, शौचाच्या जागेभोवती बधिर वाटतं का, रात्री ताप येतो का, कधी कर्करोग झाला होता का, एकेक विचारलं. मग धोके समजावून कागदावर सही घेतली. व्हिडिओत हे काहीच दिसत नाही, कारण हे बघायला कुणी थांबणार नाही. पण रुग्णाला वाचवतं ते हेच.

इथलं सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. तीस-चाळीस भेटींचं पॅकेज आधीच गळ्यात मारणारे इथेही आहेत. दुखणं थांबलं तरी 'देखभालीसाठी' येत राहा म्हणतात. पायाच्या कळेसाठी गेलेल्या माणसाच्या मानेलाही तसाच झटका देतात. मानेला काही गरज नसते, आणि क्वचित का होईना, त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो. आणि लोक कायरोकडे जातात त्यामागे श्रद्धेपेक्षा सोय जास्त आहे. सरकारी विम्याने २००४ पासून याचा खर्च देणं बंद केलं, पण नोकरीतल्या विम्यात वर्षाला ठरावीक रक्कम असते. एमआरआय आणि तज्ज्ञ डॉक्टरसाठी थांबावं लागतं, कायरोप्रॅक्टर त्याच आठवड्यात भेटतो.

जळगावला उलटं आहे. एमआरआय लगेच होतो, आणि खरी भीती तिथूनच सुरू होते. रिपोर्टवर 'गादी फुगली' असं छापलेलं असतं आणि घर हादरतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांत फुगलेली गादी सापडली, पन्नाशीत ६० टक्के. केसं पांढरी होतात तशा गाद्याही झिजतात. आपला भाऊ पन्नाशीला टेकलाय. रिपोर्ट आला म्हणून ऑपरेशन, हे गणित बरोबर नाही. बहुतेकांची सायटिका दीड ते तीन महिन्यांत आपोआप ओसरते. ऑपरेशनला मी वाईट म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये २००७ ला छापून आलेल्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला. वर्षभराने मात्र थांबलेले आणि न थांबलेले सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच, हेही सांगायला हवं. म्हणजे निवड करायला वाव आहे, घाबरून पळायचं कारण नाही.

आणि मंगल कार्यालयात जायचीही गरज नाही. हाताने उपचार आणि व्यायाम, दोन्ही शिकलेले फिजिओथेरपिस्ट आपल्याकडे आहेत. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी करणारी परिषद आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण फिजिओ म्हणजे 'शेक देणारा' अशी आपली समजूत. त्याने व्यायाम सांगितला की लोक म्हणतात, एवढ्यासाठी पैसे दिले का?

मला सगळ्यात जास्त राग येतो तो एका गोष्टीचा. या वादात मजूर कुठेच नाही. रावेर-यावलकडे केळी कापणीला जाऊन बघा. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर, पाणी दिलेल्या बागेतला चिखल, आणि बांधावर उभ्या गाडीपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या. ही माणसं शिबिरात जातात, कारण एका दिवसात उभं करून देतो असं तिथे कुणीतरी म्हणतं. फिजिओ सहा आठवडे सांगतो, आणि सहा आठवडे ओझं न उचलता चूल कशी पेटणार? माझ्या नवऱ्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर काही दिवस हलकं काम मिळालं, मजुरी बुडाली नाही. त्याचा पाय सुधारण्यात त्या चिठ्ठीचा वाटा मला कुठल्याही झटक्याइतकाच मोठा वाटतो. बागायतदार भाऊबंदांनो, कंबर धरलेल्या माणसाला दीड महिना घड धुण्याचं, फण्या भरण्याचं काम द्या. तेवढं आपल्या हातात आहे.

भावाला मी कळवलंय की शिबिराला जाऊ नको, जळगावला फिजिओकडे जा, दुखलं तरी चालत राहा, झोपून राहू नको. वहिनीला वेगळा फोन केला. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, दोन्ही पायांत कळ उतरली किंवा पाऊल उचलेना, तर वाद नको, बाबा नको, फिजिओही नको. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढून थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.