पगारी खलाशी आणि ‘युद्धकैदी’ हा शब्द

सुभेदारसाहेब, नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडलेल्या भारतीय खलाशांवरच्या माझ्या मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: व्यापारी जहाजावरच्या खलाशाला ‘युद्धकैदी’ म्हणू नये, तो शब्द शिपायाचा; ही माणसं पगारासाठी गेली होती, देशासाठी नव्हे; एवढे होते तर त्यांची नावं कुठे आहेत; आणि मी उगाच डोळ्यांत पाणी आणतो. शेवटचं सोडा, आमच्या घरीही हेच ऐकतो.

पहिल्या मुद्द्यावर मी चुकलो. युद्धकैद्यांना कसं वागवायचं हे ठरवणाऱ्या १९२९ च्या जिनिव्हा कराराचं संरक्षण या खलाशांना होतंच, असं मी ठोकून दिलं होतं. त्या करारात व्यापारी खलाशांचा स्पष्ट उल्लेख नाही. उलट १९०७ चा हेग करार सांगतो की, लढाई संपेपर्यंत युद्धाशी संबंधित काम करणार नाही, असं खलाशाने लिहून दिलं तर त्याला कैदी करू नये. दुसऱ्या महायुद्धात हे कागदावरच राहिलं. जर्मनीत ब्रेमेनजवळ वेस्टरटिमकेला ‘मिलाग नॉर्ड’ नावाची छावणीच या लोकांसाठी होती, आणि भारतीयांना तिथे वेगळं ठेवलेलं होतं. छावणी सुटली एप्रिल १९४५ मध्ये. युद्धकैद्यांच्या व्याख्येत व्यापारी खलाशी उघडपणे आले ते १९४९ च्या जिनिव्हा करारात. तेव्हा कायद्याच्या काट्यावर तुमचं बरोबर. पण चार वर्षं तारेआड काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, ते सुचवा, मी बदलतो.

पगाराचं मात्र मला पटलं नाही. पगार तुम्हीही घेतलात, मीही घेतला. त्यांचा किती होता? ब्रिटिश खलाशाच्या चौथा-पाचवा हिस्सा. युद्ध सुरू झाल्या झाल्या, १९३९ मध्येच, ब्रिटनच्या बंदरांत आपल्या खलाशांनी वाढीव पगारासाठी काम बंद ठेवलं आणि शेकडो जण त्यापायी तुरुंगात गेले. मुळात जहाजावर चढायचं तर आधी सारंगाचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, हात ओला करावा लागे, त्यासाठी गावात कर्ज. असा माणूस जहाज सोडून जाणार कुठे?

आता ‘टिराना’ची गोष्ट, जी लेखात दोन ओळींत उरकली होती. जर्मनांचं ‘अटलांटिस’ हे लढाऊ जहाज साध्या मालवाहू जहाजाचं सोंग घेऊन फिरायचं. जून १९४० मध्ये त्याने ‘टिराना’ हे नॉर्वेचं जहाज पकडलं. त्यावर गहू, लोकर, बिअर, जॅम असा ऑस्ट्रेलियाचा माल होता. जुलैत हिंदी महासागरातच ‘सिटी ऑफ बगदाद’ आणि ‘केमेंडाइन’ ही ब्रिटिश जहाजं त्याच्या हाती सापडली. त्यांवरची माणसं, त्यांत आपले खलाशी बरेच, ‘टिराना’वर चढवून फ्रान्सकडे रवाना केली. आफ्रिकेला वळसा घालून जहाज फ्रान्सच्या जिरोंद खाडीच्या मुखापर्यंत पोहोचलं, किनारा हाकेवर आला. तिथे २२ सप्टेंबरला ‘ट्यूना’ या ब्रिटिश पाणबुडीने शत्रूचं जहाज समजून त्यावर टॉर्पेडो सोडले. आत आपलीच माणसं आहेत हे तिला कुठून कळणार?

मी बावीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. मालाच्या होल्डमधून वर यायला उभी लोखंडी शिडी असते, एका वेळी एक माणूस. सरावाच्या वेळी, दिवे चालू असताना, आम्ही वीस जण चढायचो तरी खालचा वरच्याच्या टाचेवर खेकसायचा. टिरानावर ते कसं झालं असेल, हे मी इथे लिहीत नाही. पुन्हा पाणी आणतो म्हणाल.

एक दुरुस्ती माझ्याकडूनच. सगळे कोकणातले असल्यासारखं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. डेकवर रत्नागिरीकडचे पुष्कळ, पण खाली बॉयलरची भट्टी सांभाळणारे आगवाले सिल्हेट आणि पंजाबकडचे, आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणखाण वाढायच्या कामावर, गोवेकर.

नावांचं विचारलंत. त्या युद्धात साधारण ६,६०० भारतीय खलाशी जिवानिशी गेले आणि १,२०० च्या वर कैदेत पडले. गेलेल्यांच्या नावांची एक वही मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, दुसरी चितगावला. कैदेतून जिवंत परतलेल्यांची नावं मात्र त्यांत नाहीत, कारण त्या वह्या मृतांच्या आहेत. मुंबईला येणं झालं तर कळवा, मस्जिद स्टेशनला भेटू आणि बरोबरच जाऊ.