प्रमाणपत्राची सुरक्षितता

आपल्या कारखान्याला आयएसओ ४५००१ चे, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या व आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे, प्रमाणपत्र मिळवायचे असेल, तर हे मानक कामगारांसाठी आहे हा गैरसमज आधी मनातून काढून टाकावा. मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकाने जुन्या ओएचएसएएस १८००१ ची जागा घेतली, तेव्हा अनुभवी मंडळींनी फायलींची मुखपृष्ठे तेवढी बदलली. आपणही त्यांचाच कित्ता गिरवावा.

धोका आटोक्यात आणण्याचा क्रम मानकाने ठरवून दिला आहे. धोका मुळातूनच नाहीसा करावा, ते न जमल्यास कमी घातक पर्याय वापरावा, मग यंत्राला संरक्षक व्यवस्था करावी, त्यानंतर सूचना व प्रशिक्षण द्यावे आणि अगदी शेवटी हेल्मेट-हातमोज्यांकडे वळावे. हा क्रम आपण खालून वर वाचावा, म्हणजे हेल्मेटांपाशीच अंदाजपत्रक संपते आणि प्रेस यंत्राला गार्ड बसवण्याचा प्रश्न उरत नाही. गार्ड आधीपासूनच असेल, तर उत्पादन मंदावते म्हणून तो काढून कपाटामागे उभा करावा आणि ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी तारेने बांधून टाकावा. स्क्रू तोवर हरवलेले असतातच.

कलम ५.४ कामगारांशी सल्लामसलत करण्यास सांगते. त्यासाठी सभा भरवण्याचे कारण नाही, इतिवृत्त पुरते, आणि त्यावरील सह्या पगाराच्या दिवशी घ्याव्यात, कारण त्या दिवशी पुढे आलेला कागद कोणी वाचत नाही. धोका दाखवून देणाऱ्यावर सूड उगवू नये, असेही मानकात आहे. तेव्हा त्याला शिक्षा न करता केवळ कायमची रात्रपाळी द्यावी.

थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंदवही मात्र मन लावून लिहावी. वर्षभराच्या नोंदी एका बैठकीत उरकताना दोन-तीन पेने वापरावीत, मधल्या एखाद्या पानावर ग्रीसचे बोट उमटवावे आणि कॅलेंडर जवळ ठेवावे. ३० फेब्रुवारीला टळलेला एक अपघात मी स्वतः वाचला आहे. मूळ कारणाच्या रकान्यासाठी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा रबरी शिक्का करून घ्यावा.

प्रवेशद्वारावर अपघातरहित दिवसांचा फलक हवाच. प्रेसमध्ये कोणाचे बोट गेले, तरी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावून घ्यावे, म्हणजे एकही दिवस वाया गेला असे धरावे लागत नाही. फलकावरचा आकडा रोज सकाळी एकाने वाढवणे हे हलके काम त्यालाच द्यावे.