राजीनाम्याआधीचा अहवाल

ब्रिटनच्या उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी ५ सप्टेंबर २०२५ रोजी राजीनामा दिला, तेव्हा महाराष्ट्रातील स्नेह्यांकडून मला एकाच अर्थाचे निरोप आले : तिकडे कराच्या रकमेवरून मंत्री जातो, इकडे खून होऊनही हलत नाही. त्यांच्या मनात बीड होते. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या ९ डिसेंबर २०२४ रोजी झाली. त्या प्रकरणात निकटच्या सहकाऱ्याचे नाव आल्यानंतर राज्यातील तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा यायला ४ मार्च २०२५ उजाडला, आणि त्यातही प्रकृतीचे कारण दिले गेले. हा संताप रास्तच आहे. मात्र इंग्रज राजकारणी जात्याच अधिक नीतिमान असतात, हा त्यातून काढलेला निष्कर्ष इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मला पटत नाही.

रेनर यांचे जाणे मला मनापासून लागले. सोळाव्या वर्षी गरोदर असताना शाळा सुटलेली, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणारी, कामगार संघटनेतून २०१५ मध्ये खासदार झालेली ही बाई कामगार हक्कांचे विधेयक घेऊन सरकारात उभी होती. अपंग मुलासाठी केलेल्या न्यासाला राहत्या घरातील हिस्सा विकून त्यांनी होव्ह येथे आठ लाख पौंडांचा फ्लॅट घेतला आणि मुद्रांक शुल्क सुमारे चाळीस हजार पौंडांनी कमी भरले. मुलगा अल्पवयीन असल्याने न्यासातले घरही कायद्याने त्यांचेच धरले जात होते, म्हणून फ्लॅट दुसरे घर ठरून त्यावर जास्त शुल्क लागत होते. करतज्ज्ञाचा सल्ला घ्या, असे वकिलांनी सांगूनही तो घेतला गेला नाही, एवढाच दोष मंत्र्यांच्या आचारसंहितेचे स्वतंत्र सल्लागार लॉरी मॅग्नस यांनी दाखवला. हेतू प्रामाणिक होता, हेही त्यांनी लिहिले. रेनर यांनी ३ सप्टेंबरला स्वतःहून चौकशी मागितली होती. दोनच दिवसांत निष्कर्ष जाहीर झाला आणि त्या पायउतार झाल्या.

हीच व्यवस्था २०२० मध्ये हरलीही आहे. गृहमंत्री प्रीती पटेल यांनी अधिकाऱ्यांशी केलेल्या वर्तनाबाबत तेव्हाच्या सल्लागारांनी प्रतिकूल निष्कर्ष काढला, बोरिस जॉन्सन यांनी तो मानला नाही, आणि पद सोडले ते सल्लागार अ‍ॅलेक्स अ‍ॅलन यांनी. तरीही निष्कर्ष सर्वांसमोर आला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे परंपराच नाही, हेही खरे नाही. रायगडच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदावरून बाहेर पडले, आणि त्याची कारणे त्यांनी लोकसभेत उभे राहून सांगितली. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणीही त्यांत होती. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आजही आहे. परंतु राज्यातील मंत्र्याने ती पाळली की नाही, हे पाहण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांकडेच आहे, म्हणजे ज्यांना बहुमताचे आणि मित्रपक्षांचे गणित सांभाळायचे असते त्यांच्याकडेच. त्यामुळे आपली चर्चा ‘नैतिकता’ आणि ‘न्यायालयात सिद्ध होऊ द्या’ या दोन टोकांतच फिरत राहते. फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालणार. मंत्रिपदाला साजेसे वर्तन झाले का, हा निराळा आणि लहान प्रश्न आहे. त्याचे उत्तर एखाद्या निवृत्त न्यायमूर्तींनी ठरावीक मुदतीत लेखी द्यावे आणि ते विधिमंडळाच्या पटलावर ठेवले जावे. मस्साजोगच्या कुटुंबाला त्या तीन महिन्यांत निदान एवढा कागद तरी मिळायला हवा होता.