मालकांचे उत्तर: ‘मागच्या रांगेकडे कुणी पाहिलंच नाही’

नमस्कार. तुमचा अभिप्राय आधी एकटीने वाचला, मग त्या दिवशी इनडोअर सायकलिंगचा क्लास घेणाऱ्या इन्स्ट्रक्टरसोबत बसून पुन्हा वाचला. तुमचा पहिलाच दिवस, सीट कुणी लावून दिली नाही, माइकवरून सारखं रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) ‘वाढवा, अजून वाढवा’, गुडघ्याच्या वाटीपाशी दुखायला लागलं आणि विसाव्या मिनिटाला तुम्ही उठून गेलात तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. यातलं काहीही खोटं नाही. मनापासून माफी मागते.

दोष इन्स्ट्रक्टरच्या माथी मारणार नाही. आजवर मी त्यांचं कौतुक केलं ते दणदणीत आवाजाचं आणि भरलेल्या क्लासचं. मागच्या रांगेची चौकशी मी कधी केलीच नाही. स्वतःच्या सायकलवर बसून पेडल मारत राहिलं की समोरचे तिघं-चौघं दिसतात, बाकीचे अंधारात. (दिवे मंद ठेवायची हौसही माझीच.)

गुडघ्याचं मूळ बहुधा सीटमध्ये आहे. सायकलशेजारी उभं राहिल्यावर सीट साधारण कमरेच्या हाडाच्या उंचीला यावी, आणि पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा. सीट खाली राहिली की वाटीवर ताण येतो. दोन मिनिटांचं काम, तेही आमच्याकडून झालं नाही. दुखणं अजून थांबलं नसेल तर कृपया डॉक्टरांना दाखवा.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. ‘एवढ्या जोरात पाय मारत असताना रेझिस्टन्स वाढवायला सांगून पाणउतारा केला’ असं तुम्ही लिहिलंय. या सायकलीचं फ्लायव्हील, म्हणजे पेडलसोबत फिरणारं चाक, जड असतं आणि रस्त्यावरच्या सायकलीसारखं मोकळं फिरत नाही; वेग आला की तेच पायांना ओढत नेतं. रेझिस्टन्स नसताना ११० आरपीएमच्या (मिनिटाला पेडलचे ११० फेरे) वर गेलं की माणूस सीटवर उडायला लागतो. सल्ला बरोबर होता. पण तो जवळ येऊन, हळू आवाजात आणि कारणासकट द्यायला हवा होता. रेझिस्टन्सचा नॉब खाली दाबला की चाक थांबतं, हेही कुणी सांगितलं नव्हतं ना?

नवख्या माणसाला ईर्ष्येला पेटवणं धोक्याचंही असतं. पहिल्याच क्लासमध्ये अति जोर लावल्याने मांड्यांचे स्नायू मोडून मूत्रपिंडांवर ताण आल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. क्वचित घडतं, पण पुढच्या दोन-तीन दिवसांत मांड्या सुजल्या किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर थेट दवाखाना गाठावा. हे आता प्रत्येक नव्या माणसाला तोंडी सांगतो.

‘वाढवा’ हा शब्द सध्या बंद आहे. त्याऐवजी ‘जोर दहापैकी सहा, एखादं वाक्य बोलता येईल इतपत’ असं सांगायचं. नॉब किती फिरवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. इन्स्ट्रक्टरने दर गाण्याला सायकलवरून उतरून मागच्या रांगेपर्यंत जायचं. कुणी मध्येच उठलं तर मदतनिसाने मागोमाग बाहेर जायचं, कारण एकाएकी थांबलं की रक्त पायांत साठून चक्कर येऊ शकते.

त्या क्लासचे पैसे परत पाठवले आहेत. पुन्हा यायचं की नाही, तुम्ही ठरवा. आलात तर दहा मिनिटं आधी या, सीट मी स्वतः लावून देईन.