वीस केबी ते पन्नास केबी

सोलापुरात नवी पेठेतल्या माझ्या टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानावर ‘ऑनलाइन अर्ज भरून मिळतील’ अशी पाटी आहे. प्रत्यक्षात अर्ज भरण्यात माझा फार थोडा वेळ जातो. बाकीचा दिवस फोटो लहान करणे, सही कातरणे, पीडीएफ जोडणे आणि जुन्या फाँटमधला मजकूर पुन्हा टंकणे यातच संपतो. ही सारी कामे संकेतस्थळांनी स्वतः करायला हवीत. ती करत नाहीत म्हणून माझे दुकान चालते, एवढे कबूल करून पुढचे लिहितो.

गेल्या आठवड्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका गृहस्थांची मुलगी भरतीचा अर्ज घेऊन आली. मुदतीचा शेवटचा दिवस होता. ‘काका, फोटो घेतच नाही हो,’ एवढेच ती सांगू शकली, कारण पडद्यावरही लाल अक्षरांत ‘अवैध फाइल’ यापलीकडे काही लिहिलेले नव्हते. फोटो मोठा असेल या समजुतीने तिने मोबाइलवर तो तीनदा दाबून लहान केला होता. चेहरा धूसर झाला, तरी नकार कायम. फाइलचे वजन पाहिले तर ते १४ केबी होते आणि किमान मर्यादा होती २० केबी! म्हणजे सुरुवातीला मोठी म्हणून नाकारलेली फाइल नंतर लहान म्हणून नाकारली जात होती, आणि दोन्ही वेळा संदेश मात्र एकच होता.

बँकांच्या भरतीत फोटोसाठी २०० गुणिले २३० पिक्सेल (चित्र ज्यांनी बनते ते ठिपके) आणि २० ते ५० केबी अशी अट सर्रास असते. मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो सुमारे एक कोटी वीस लाख पिक्सेलचा, तर अर्जाला हवे असतात अवघे ४६ हजार. म्हणून आधी फोटो कातरून पिक्सेल कमी करावेत आणि मगच दर्जा कमीजास्त करणारी पट्टी सरकवून वजन जुळवावे. उलट क्रमाने गेल्यास चित्र खराब होते आणि माप तरीही चुकते. एवढ्या लहान चित्रात २० केबी गाठण्यासाठी दर्जा कमी नव्हे, तर बराच वर ठेवावा लागतो, ही गोष्ट कोणाच्याही लवकर ध्यानात येत नाही. आमचे काम पाच मिनिटांत झाले; त्या मुलीची सकाळ मात्र त्यापायी गेली होती.

चूक दाखवताना नेमके काय बिघडले आणि काय करावे हे साध्या भाषेत सांगावे, हा नियम संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९४ सालीच आपल्या दहा सूत्रांत घालून दिला आहे. ‘तुमची फाइल १४ केबी आहे, किमान २० हवी’ असे लिहायला कितीसा खर्च येणार? खरे तर तेही लिहावे लागू नये. वेबपाने ज्या भाषेत लिहितात तिची एचटीएमएल ५ ही आवृत्ती २०१४ साली प्रमाण म्हणून जाहीर झाली; पानावरच चित्र हाताळू देणारी ‘कॅनव्हास’ची सोय तिच्यात आहे. तेव्हापासून ब्राउझरलाच फोटो कातरून हव्या त्या मापाचा करता येतो. त्यामुळे तंत्राची अडचण आहे, ही सबब मला पटत नाही.

तोवर साधने आपणच निवडायची. फोटोसाठी मी गुगलच्या क्रोम चमूने २०१८ साली आणलेले स्क्वूश हे ब्राउझरमध्ये चालणारे साधन वापरतो, कारण पट्टी सरकवताना वजन समोर दिसते आणि फाइल आपल्याच संगणकावर राहते. इतर साधनांची परीक्षाही सोपी आहे: पान उघडल्यावर वायफाय बंद करावे, तरीही काम झाले, तर फाइल बाहेर जात नाही असे समजावे. काम अडले, तर तिथे आधार कार्ड चढवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. (आणि दुसऱ्याच्या संगणकावर काम केल्यास निघताना डाउनलोड फोल्डर रिकामे करून घ्यावे, माझ्या दुकानातसुद्धा.)

मजकुराचे दुखणे याच जातीचे आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला अर्ज संकेतस्थळाच्या चौकटीत चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी अक्षरांना मराठी रूप चढवलेले असते. म्हणून मी नव्या मुलांना थेट युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत), भारतीय लिपींसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर बसवतो. सोलापूरकरांना त्याचा एक खास लाभ आहे. इन्स्क्रिप्टमध्ये मराठी ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नड आणि तेलुगू ‘क’ही असतो. ज्या शहरात एकाच गल्लीतून तिन्ही भाषांच्या लग्नपत्रिका छापायला येतात, तिथे एकदा बसलेला हात तिन्हीकडे चालतो. सुरुवातीचे पंधरा दिवस मुले वैतागतात, हे मात्र खरे.

कळफलकाचा तक्ता आणि फोटोच्या मापांचा कागद दुकानाच्या काउंटरवर चिकटवला आहे. मोबाइलवर फोटो काढून न्यावा, त्याचे पैसे नाहीत.